मुकादम मेरेरची नोंदवही

2013 साली इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ या प्राचीन बंदरात, फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या चमूला साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पपायरस (लव्हाळ्यापासून बनवलेले लिहायचे कागद) सापडले. मेरेर नावाच्या मुकादमाने त्यांत आपल्या सुमारे 40 जणांच्या टोळीचं रोजचं काम टिपलं आहे: तुराच्या खाणीवर दगड भरणं, नावा हाकणं, रात्रीचा मुक्काम, गिझाला माल उतरवणं. हा माल म्हणजे इजिप्तचा राजा खुफू याच्या गिझातल्या पिरॅमिडला बाहेरून बसवायची पांढरी चुनखडी. दहा दिवसांत दोन-तीन खेपा व्हायच्या.

एवढे दगड आणले कसे, हे पिरॅमिडचं निम्मं कोडं माझ्या मते इथेच सुटतं. नाईलला पूर आला की कालवे भरत आणि नावा गिझाच्या पठाराच्या जवळ येत. पिरॅमिडच्या आतल्या राजाच्या दालनाचा ग्रॅनाइट तर आठशेहून अधिक किलोमीटरवरच्या आस्वानहून नदीतूनच आला. आतला भराव मात्र गिझाच्याच खडकातला. सगळे मिळून अंदाजे 23 लाख दगड, सरासरी अडीच टनांचे.

नावेतून उतरलेला दगड पुढे लाकडी घसरगाडीवर चढे. जेहुतिहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या कबरीतलं चित्र खुफूनंतर काही शतकांचं, पण फार बोलकं आहे. 172 माणसं एक अवाढव्य पुतळा ओढताहेत आणि एक जण घसरगाडीपुढे पाणी ओततोय. हा धार्मिक विधी असावा, असं अनेकांना वाटे. 2014 मध्ये ॲमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिला. कोरडी वाळू घसरगाडीपुढे साचत जाते आणि वाट अडवते. बेताची ओली केली, तर पाणी कणाकणांना धरून ठेवतं, वाळू घट्ट होते आणि निम्म्या जोरात काम भागतं. पाणी जास्त झालं की हा फायदा जातो.

उंचावर दगड नेण्यासाठी उतार बांधले जात. गिझातल्या उताराच्या आकारावर अजून वाद आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी? या पिरॅमिडचं नाव होतं ‘खुफूचं क्षितिज’. मावळलेला सूर्य क्षितिजावर पुन्हा उगवतो, तसा मेलेला राजाही उगवेल आणि देवांत जाईल, ही श्रद्धा त्यामागे होती.

आणि हे काम गुलामांनी केलं नाही. पठाराच्या दक्षिणेला कामगारांची वस्ती खणून काढली आहे. तिथे पाव भाजायच्या भट्ट्या आणि खाल्लेल्या गुरामेंढ्यांची ढीगभर हाडं निघाली. जवळच त्यांच्या कबरी आहेत. त्यांतल्या काही सांगाड्यांची मोडलेली हाडं नीट जुळून आलेली दिसतात, म्हणजे जखमी कामगारावर उपचार होत होते.