रावागेदे हत्याकांड आणि डच शासनाची जबाबदारी

रावागेदे (आजचे नाव बालोंगसारी) हे इंडोनेशियाच्या पश्चिम जावा प्रांतातील करावांग जिल्ह्यातले खेडे. 9 डिसेंबर 1947 रोजी डच सैन्याने येथील पुरुषांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या. मृतांचा इंडोनेशियन आकडा 431 आहे. डच सरकारच्या 1969 मधील अहवालात तो सुमारे 150 दिला आहे. 14 सप्टेंबर 2011 रोजी हेगच्या जिल्हा न्यायालयाने या हत्यांसाठी डच शासनाला जबाबदार धरले. वसाहतीच्या युद्धातील निरपराधांच्या हत्यांबद्दल एखाद्या देशाला त्याच्याच न्यायालयाने इतक्या वर्षांनी जाब विचारावा, असे क्वचितच घडते. म्हणूनच या खटल्याचे महत्त्व त्या खेड्यापुरते उरलेले नाही.

इंडोनेशियाने 17 ऑगस्ट 1945 रोजी स्वातंत्र्य जाहीर केले होते. नेदरलँड्सने ते मानले नाही. जुलै 1947 मध्ये डच फौजांनी जावा व सुमात्रात मोठी चढाई केली आणि तिला ‘पोलिसी कारवाई’ असे नाव दिले. संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने ‘रेनव्हिल’ या अमेरिकन जहाजावर वाटाघाटी सुरू झाल्या त्या 8 डिसेंबरला. दुसऱ्याच दिवशी पहाटे मेजर आल्फोन्स वेइनेन यांच्या हाताखालची तुकडी रावागेदेत शिरली. तिला हवा होता लुकास कुस्तार्यो हा इंडोनेशियन सैन्याचा कप्तान. त्याने करावांग-बेकासी पट्ट्यात डचांना हैराण करून सोडले होते. तो गावात सापडला नाही. सैनिकांनी घरोघरचे पुरुष बाहेर काढले आणि त्याचा ठावठिकाणा विचारला. कोणी सांगितला नाही. मग चौकशी नाही, खटला नाही. जागोजागी गट करून त्यांना ठार मारण्यात आले. काही जण नदीच्या पाण्यात दडून वाचले, काही प्रेतांखाली निपचित पडून. गावात धडधाकट पुरुष जवळजवळ उरलेच नव्हते, त्यामुळे खड्डे खणून प्रेते पुरण्याचे काम बायकांनाच करावे लागले. पावसाळ्याचे दिवस होते आणि खड्डे उथळ होते.

पुढची साठ वर्षे कोणाला काही ठाऊक नव्हते, असा समज सहज होतो. तो साफ चुकीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या निरीक्षकांनी जानेवारी 1948 मध्येच गावाला भेट देऊन ही कारवाई हेतुपुरस्सर व निर्दय असल्याचे नोंदवले. त्याच वर्षी डच सरसेनापती सिमोन स्पोर आणि वसाहतीचे सर्वोच्च सरकारी वकील फेल्डरहोफ यांच्यात मेजरवर खटला भरावा की नाही याबद्दल पत्रव्यवहार झाला. खटला उभा राहिला तर मेजर दोषी ठरणार, याची स्पोर यांना कल्पना होती. तरीही, बाहेरच्या जगाचे लक्ष आता ओसरले आहे, हे पाहून प्रकरण मिटवण्यात आले. या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही: गुन्हा कळला होता, गुन्हेगार माहीत होता आणि शिक्षा न करण्याचा निर्णय जाणूनबुजून घेतला गेला.

1969 मध्ये इंडोनेशियात लढलेले योप ह्युटिंग यांनी दूरचित्रवाणीवर डच सैनिकांच्या अत्याचारांची उघड कबुली दिली आणि देशात खळबळ माजली. सरकारने घाईघाईने अभिलेख तपासून एक अहवाल काढला. त्याचा निष्कर्ष असा की काही ‘अतिरेक’ झाले, पण एकूण सैन्याची वागणूक नीट होती. 1971 मध्ये नेदरलँड्सने युद्धगुन्ह्यांवरील मुदतीची अट काढली, पण इंडोनेशियातील आपल्या सैनिकांच्या बाबतीत ती कायम ठेवली. 2005 मध्ये परराष्ट्रमंत्री बेन बोट यांनी जकार्तात खेद व्यक्त केला. माफी मात्र मागितली नाही.

2008 मध्ये, डच अत्याचारांची भरपाई मागणाऱ्या जेफ्री पोंडाख यांच्या संघटनेच्या मदतीने रावागेदेच्या काही विधवा पुढे आल्या. वकील लिस्बेथ झेगफेल्ड यांनी त्यांची बाजू मांडली. शासनाने हत्या नाकारल्या नाहीत. त्याचे म्हणणे एवढेच की दावा मुदतबाह्य आहे. वादींमध्ये विधवांखेरीज एक मुलगी आणि हत्याकांडातून वाचलेला एक पुरुषही होता. निकालाच्या काही महिने आधी तो वारला.

न्यायालयाने मुदतीचा बचाव फेटाळला. मुदतीचा कायदा असतो तो जुन्या गोष्टींचा पुरावा विरून जातो म्हणून, आणि प्रतिवादीला कायम टांगणीवर ठेवू नये म्हणून. येथे पुरावा शासनाच्याच दप्तरात होता. घटना अत्यंत गंभीर होती, शासनाला ती सुरुवातीपासून माहीत होती, आणि जिला प्रत्यक्ष झळ बसली ती पिढी अजून हयात होती. अशा वेळी ‘उशीर झाला’ म्हणणे न्यायाला धरून नाही, असे न्यायालयाने ठरवले. मात्र याच तर्काने मुलीचा दावा नाकारला गेला, कारण पुढच्या पिढीला बसलेली झळ तितकी थेट मानली गेली नाही. बापाविना वाढलेल्या लेकरांच्या दृष्टीने हा भेद फार कठोर होता, आणि तो टिकलाही नाही: इंडोनेशियाच्याच दक्षिण सुलावेसीत 1946-47 मध्ये डच अधिकारी रेमंड वेस्टरलिंग यांच्या पथकाने केलेल्या हत्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने 2015 मध्ये मुलांचे दावेही ग्राह्य धरले.

9 डिसेंबर 2011 रोजी डच राजदूत चेर्ड द झ्वान यांनी रावागेदेच्या स्मारकापाशी शासनाच्या वतीने माफी मागितली. प्रत्येक विधवेला 20,000 युरो मिळाले. त्यानंतर गावात तंटा उभा राहिला. घरचे पुरुष इतरही अनेक कुटुंबांनी गमावले होते, पण खटल्यात नावे मोजक्यांचीच होती; पैशात वाटा द्यावा म्हणून त्या वृद्ध बायकांवर दबाव आला. एका गावाच्या दुःखाचे हिशेब वैयक्तिक दाव्यांत मांडले की असे होते, आणि त्याचा दोष गावकऱ्यांना देता येत नाही.

मार्च 2020 मध्ये राजे विलेम-अलेक्झांडर यांनी इंडोनेशियात डचांच्या अतिरेकी हिंसेबद्दल माफी मागितली. तीन डच संशोधन संस्थांनी फेब्रुवारी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने 1969 चा निष्कर्ष मोडीत काढला: टोकाची हिंसा तुरळक नव्हती, ती सर्रास होती आणि राजकीय, लष्करी व न्यायिक वरिष्ठांनी तिच्याकडे काणाडोळा केला. पंतप्रधान मार्क रुट यांनी त्याच दिवशी माफी मागितली.

मारल्या गेलेल्यांच्या मुलांसाठी 2020 मध्ये शासनाने 5,000 युरोंची ठरावीक भरपाई जाहीर केली. ती मिळवण्यासाठी अर्जदाराने नाते कागदपत्रांनी सिद्ध करायचे आणि वडिलांची हत्या अभिलेखांत किंवा संशोधनात नोंदलेल्या घटनेशी जुळते हेही दाखवायचे. जन्मनोंद ज्या काळी क्वचितच होई, अशा खेड्यांतल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांना हे कागद जुळवावे लागले.