ऐकत नाही की कळत नाही?

‘खाली बस.’ ठाण्याजवळच्या दिघ्यातल्या किंवा कळव्यातल्या पहिलीच्या वर्गात हे दोन शब्द दिवसातून किती वेळा उच्चारले जातात, याची मोजदाद नाही. पण घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला ‘खाली’ म्हणजे रिकामं. ‘शिक्षा’ या शब्दाची तर आणखीच गंमत: हिंदीत शिक्षण, मराठीत छडी. (2009च्या शिक्षण हक्क कायद्याने छडी बंद केली, शब्द उरला.) मूल उभंच राहिलं की शेरा ठरलेला: ऐकत नाही.

भाषेची अडचण दोन तऱ्हेची असते आणि वर्गात त्यांची सर्रास गल्लत होते. पहिल्या तऱ्हेत घरची बोली निराळी असते, एवढंच. आगरी घरातलं मूल ‘डोला’, ‘पानी’ म्हणतं. हा उच्चारदोष नव्हे, आगरीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतोच. हिंदी घरातलं मूल ‘ती पुस्तक’ म्हणतं, कारण ‘किताब’ स्त्रीलिंगी आणि हिंदीत नपुंसकलिंग नाहीच. दुसऱ्या तऱ्हेत मूल घरच्या भाषेतही अडखळतं. हा भाषाविकासाचा विकार. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या चार-पाच वर्षांच्या मुलांच्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो सुमारे 7.5 टक्के मुलांत आढळला, म्हणजे तिसाच्या वर्गात दोघांत. दोन भाषा कानावर पडल्याने तो होत नाही. त्यामुळे ‘घरी मराठीच बोला’ हा सल्ला निरुपयोगी तर आहेच, शिवाय आईशी होणारं मुलाचं बोलणंच त्याने आटतं. त्यापेक्षा आईला विचारावं: घरी काय काय घडलं ते हा तुमच्या भाषेत सांगतो का? धाकटी भावंडं याच्या पुढे गेली आहेत का?

आता आपली, शिक्षकांचीच वाक्यं तपासू. ‘वही काढण्याआधी फळ्यावरचं वाचा.’ कानावर आधी पडते वही, करायचं असतं आधी वाचन. ‘आधी’ हा शब्द निसटला की मूल वही काढतं आणि बोलणी खातं. ‘हात वर केल्याशिवाय बोलू नका’ यात दोन नकार. त्याऐवजी ‘आधी हात वर. मग बोला.’ नाव घेऊन, नजर मिळाल्यावर, एका वेळी एकच काम सांगावं आणि मनात तीन अंक मोजावेत. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलतात. ‘समजलं का?’ विचारू नये. त्याचं उत्तर कायम ‘हो’ असतं. ‘काय करायचंय, सांग’ म्हणावं.

इतकं करूनही गोंधळ चालू राहिला तर वहीचं एक पान आखावं: वेळ, आधी काय सांगितलं होतं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. शाळेचे दहा दिवस पुरतात. ‘मस्ती केली’ लिहिलं तर पान वाया गेलं. ‘शेजारच्याची पेन्सिल ओढली’ असं डोळ्यांना दिसलेलं लिहावं. मग बरेचदा उलगडतं की पेन्सिल वाचनाच्या तासालाच ओढली जाते आणि दर वेळी मुलाला वर्गाबाहेर उभं केलं जातं. वाचनातून सुटका झाली! पेन्सिल पुन्हा ओढली जाणारच. अशा वेळी बाहेर काढण्याऐवजी वाचनाचा तुकडा छोटा करावा, दोनच ओळी, आणि जोडीला नीट वाचणारं मूल द्यावं.

कानही तपासून घ्यावेत. सर्दी-पडशानंतर मधल्या कानात पाणी साचतं. दुखत नसल्याने घरी पत्ता लागत नाही. ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, म्हणून ‘याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं’ हा टोमणा. मुलाला पुढच्या बाकावर, पंख्याच्या घरघरीपासून दूर बसवावं आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे धाडावं; वाणी आणि श्रवण दोन्ही तपासायचं तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. जाताना नोंदींचं ते पान बरोबर द्यायला विसरू नये. तपासणीच्या शांत खोलीत, समोर एकच माणूस असताना, हेच मूल पुष्कळदा सगळं नीट ऐकतं.