धातूभोवतीची जागा: फॉस्फिन संयुगांची पार्श्वभूमी

रसायनाच्या प्रयोगशाळेत ट्रायफिनाइलफॉस्फिनची बाटली मिठाच्या बरणीसारखी कायम हाताशी असते. पण कोणत्या धातूला कोणतं फॉस्फिन (फॉस्फरसच्या अणूला तीन गट जोडलेला असा रेणू) जोडलं की काय घडेल, याचा अंदाज आधी बांधता येतो तो १९७० नंतर.

फॉस्फिनची प्लॅटिनम संयुगं एकोणिसाव्या शतकातच तयार झाली होती. पुढे १९५७ मध्ये जोसेफ चॅट आणि सहकाऱ्यांनी फॉस्फिनच्या आधाराने प्लॅटिनमला थेट हायड्रोजन जोडून दाखवला. असा बंध टिकतो, यावर तोवर अनेकांचा विश्वास नव्हता. मग पिट्सबर्गमध्ये लॉरी वास्का यांचं पिवळं इरिडियम संयुग आलं. ते हवेतला ऑक्सिजन धरतं आणि पुन्हा सोडूनही देतं, हे त्यांनी १९६३ मध्ये नोंदवलं. दोनच वर्षांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जेफ्री विल्किन्सन यांच्या गटाने ऱ्होडियमभोवती तीन ट्रायफिनाइलफॉस्फिन आणि एक क्लोरीन असलेलं लाल संयुग वापरून साध्या तापमानाला, साध्या दाबाखाली अल्कीनला (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगाला) हायड्रोजन जोडला. त्यातली खरी गंमत फॉस्फिन सुटण्यात आहे: तिघांपैकी एक बाजूला होतं आणि त्याच रिकाम्या जागेत रासायनिक क्रिया घडते.

पण ते फॉस्फिन सुटतं कशामुळे? त्या काळी सगळं बोलणं इलेक्ट्रॉनांचं होतं. फॉस्फरस आपली एकाकी जोडी (बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) धातूला देतो, धातू थोडे इलेक्ट्रॉन परत करतो. ही देवघेव जितकी चांगली, तितका बंध पक्का, असं गृहीत होतं. ड्यूपाँ कंपनीत चॅडविक टोलमन निकेलवर काम करत होते. नायलॉनच्या कच्च्या मालासाठी कंपनीला निकेलचा उत्प्रेरक हवा होता. निकेलवरचं एक फॉस्फिन दुसऱ्याला हटवतं का, हे ते द्रावणात तपासत गेले आणि गृहीतक कोसळलं. निकेलवर कोण टिकतं हे मुख्यतः आकारावर ठरत होतं: आटोपशीर रेणू टिकायचे, ऐसपैस रेणू निसटायचे.

मग त्यांनी रेणूंचे भरीव नमुने घेऊन साधं मोजमाप केलं. फॉस्फरसपासून २.२८ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटींवा भाग) धातू आहे असं धरायचं, तिथे टोक ठेवून सगळ्यात बाहेरच्या अणूंना स्पर्श करणारा शंकू कल्पायचा आणि त्याचा कोन मोजायचा. ट्रायमिथाइलफॉस्फिन ११८ अंश, ट्रायफिनाइल १४५, ट्राय-टर्शरी-ब्युटाइल तब्बल १८२! अर्ध्या वर्तुळाहूनही जास्त. इलेक्ट्रॉनांचा हिशेबही त्यांनी सोडला नाही. निकेलवर तीन कार्बन मोनॉक्साइड आणि एक फॉस्फिन ठेवून अवरक्त वर्णपट घेतला. फॉस्फिन इलेक्ट्रॉन देण्यात जितकं उदार, तितका कार्बन-ऑक्सिजन बंध सैल आणि वर्णपटातला त्याचा पट्टा खाली: फॉस्फरस ट्रायफ्लोराइडला २११०.८, तर ट्राय-टर्शरी-ब्युटाइलला २०५६.१ प्रति सेंटीमीटर. दोन आकडे, आणि प्रत्येक फॉस्फिनला नकाशावर जागा मिळाली. मला हे काम नव्या संयुगाच्या शोधाइतकंच मोठं वाटतं.

त्या नकाशाच्या टोकाला असलेलं ते १८२ अंशांचं फॉस्फिन १९९० च्या दशकाच्या अखेरीस पॅलॅडियमबरोबर वापरात आलं. ते इतकं जाडजूड की पॅलॅडियमशेजारी असं एकच फॉस्फिन उरतं आणि बाकीची जागा मोकळी होते. शिवाय ते इलेक्ट्रॉनही सढळ हाताने देतं. त्यामुळे तोवर दाद न देणारी, पण ब्रोमीनच्या संयुगांपेक्षा स्वस्त अशी क्लोरोबेंझिनं (बेंझिनच्या वलयाला क्लोरीन जोडलेली संयुगं) सौम्य परिस्थितीत दुसऱ्या रेणूंशी जोडता येऊ लागली.