नाशिकला बसून जुनी केबिन क्रूझर घेताय? आधी जागा बघा, बोट नंतर

आमच्या ओळखीत तिघांनी जुनी केबिन क्रूझर, म्हणजे आत राहायची खोली असलेली मोटरबोट, घेतली आणि तिघांचेही कागद पहिल्या फेरीत परत आले. पैसे होते, हौस होती, बोटीही बऱ्या होत्या. चूक एकच, आपण नाशिककर बोटीकडे एमएच १५ च्या नजरेनं बघतो, म्हणजे फॉर्म २९-३० वर सह्या घेतल्या, आरटीओत नाव बदललं, घरी आणून पार्किंगला लावली की झालं. बोटीचं आरटीओ नाशकात नाही आणि पार्किंग तर त्याहून नाही.

गंगापूर धरणाचा विषय आधी संपवू, कारण प्रत्येक जण तिथूनच सुरू करतो. "एमटीडीसीचा बोट क्लब आहे ना, तिथंच लावू." अहो, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात, त्यांच्या परवानगीशिवाय तिथं खासगी इंजिनाची बोट सोडायची नाही, आणि दोन डिझेल इंजिनांच्या क्रूझरसाठी ती मिळेल या आशेवर तर टोकन अजिबात देऊ नका. नांदूरमध्यमेश्वर म्हणाल तर ते पक्षी अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. शिवाय बोट घाट चढवून वर आणायची म्हणजे वेगळंच दुखणं. वाहनाच्या रुंदीची साधारण मर्यादा २.६ मीटर आणि तीस फुटी क्रूझर बहुतेक त्याहून रुंद, म्हणजे जादा रुंदीच्या मालाची परवानगी काढा आणि मग कसारा घाट. तेव्हा बोट समुद्रकाठीच राहणार, तुम्ही जाऊन येऊन करणार, हे मनाशी पक्कं झालं की पुढचं वाचा.

नोंदणी कुठे? बंदराच्या आतल्या आणि खाडीच्या पाण्यात फिरायचं असेल तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड, कायदा अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१. जुना १९१७ चा कायदा गेला, त्यामुळे विकणाऱ्यानं जुन्या कायद्याखालचा कागद दाखवला तर तो आज चालू आहे का हे कार्यालयातच विचारायचं, एजंटला नाही. बाहेर खुल्या समुद्रात, गोव्यापर्यंत वगैरे जायचं असेल तर ते खातंच वेगळं, केंद्राच्या जहाज महासंचालनालयाखालचं (डीजी शिपिंग) मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट. अंतर्देशीय नोंदणीच्या बोटीवर गोव्याचे बेत आखणारे मी बघितलेत, बोट घेऊन झाल्यावर त्यांना हे कळलं. पात्रतेत फार काही नाही, भारतीय नागरिक, पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा. नोंदणी खासगी वापराची असेल तर पैसे घेऊन पाहुणे फिरवता येत नाहीत, आणि चालवायला प्रमाणपत्र असलेला सारंग, म्हणजे बोट हाकणारा, लागतो. कार चालवता येते म्हणून बोट चालवता येईल हा समज गेटवेलाच सोडून या.

आता जिथं अर्ज अडतात ते. विकणारा तुम्हाला त्याचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवतो आणि आपण खूश. पण कार्यालयाला मालकीची साखळी लागते, बोट बनली तिथपासून आजपर्यंत. आपल्याकडच्या बऱ्याच क्रूझर बाहेरून आलेल्या असतात आणि मग हवी ती कस्टमची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कागद. हा कागद कुणाकडेच नसतो. पहिल्या मालकानं आयात केली, दुसऱ्याला विकताना झेरॉक्स दिली, तिसऱ्याकडे झेरॉक्सची झेरॉक्स, तीही अर्धी पुसट. चौथे तुम्ही. कृपा करून हा कागद टोकनच्या आधी मागा आणि "देतो नंतर" म्हणाला तर सरळ उठा. सवलतीच्या योजनेत आयात झालेली बोट असेल तर तिला अटी चिकटलेल्या असतात, त्या पूर्ण झाल्याचा पुरावाही मागा. मधल्या एखाद्या मालकानं कर्ज काढलं असेल तर बँकेचं ना हरकत पत्र. कर्ज फिटलं असं तोंडी सांगणारे सगळेच असतात, नोंद मात्र रजिस्टरवर तशीच राहिलेली असते.

दुसरी अडण्याची जागा म्हणजे इंजिन नंबर. जुन्या बोटीचं इंजिन कधी ना कधी बदललेलं असतं आणि कागदावर जुनाच नंबर बसलेला असतो. बोटीत केलेला असा बदल नोंदणी कार्यालयाला कळवून प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो, तो आधीच्या मालकानं चढवलेला नसेल तर तुमचं नाव लागणं तिथंच थांबतं. दोन इंजिनं असतील तर दोन्हीचे नंबर स्वतः बघा, टॉर्च आणि फडकं घेऊन जा, ग्रीसखाली असतात. बोटीचा स्वतःचा नंबर मागच्या उभ्या बाजूवर (ट्रान्सम) उजवीकडे वरच्या कोपऱ्यात कोरलेला असतो, बारा किंवा चौदा अक्षरांचा. त्याचा फोटो काढा आणि कागदाशी एकेक अक्षर जुळवा. एकाचा शून्य आणि ओ मधला फरक दुरुस्त करायला तीन चकरा झाल्या, नाशिक-मुंबई-नाशिक, आणि दर चकरेला खिडकीवर नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा.

करांचं थोडक्यात. विकणारा व्यापारी असेल तर जीएसटी येतो, २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी बोटींवर तो ४० टक्के आहे, म्हणून "भाव अधिक जीएसटी" का "जीएसटीसकट" हे लेखी घ्या. दहा लाखांच्या वर व्यापाऱ्याकडून घेतली तर एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आधीच घेतलेला आयकर, कापला जाऊ शकतो, तो रिटर्नमध्ये वळता होतो, त्यावरून भांडू नका. विक्रीखत शंभरच्या स्टॅम्पवर करायचे दिवस गेले, रक्कम किती लागेल ते वकिलाला विचारून मगच सह्या करा.

सर्व्हे या शब्दानं फार गोंधळ होतो कारण सर्व्हे तीन असतात. एक तुम्ही स्वतःच्या पैशानं करता, बोट पाण्याबाहेर काढून, बुडाला ओल किंवा फोड आहेत का बघायला. दुसरा विमा कंपनीचा. तिसरा सरकारी, ज्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय बोट चालवायची नाही. पहिल्याचा रिपोर्ट तिसऱ्याच्या जागी जोडणारे लोक आहेत, आणि परत आला की चिडतातही. तारखेची गफलत पण इथलीच. नोंदणी प्रमाणपत्र वेगळं आणि सर्व्हे प्रमाणपत्र वेगळं, दोन्हीच्या तारखा वेगळ्या. विकणारा लांबची तारीख दाखवतो, तुम्ही जवळची शोधा.

आता बर्थ, म्हणजे बोट उभी करायची जागा. आपल्याकडे परदेशासारखे ओळीनं गाळे नाहीत. पूर्ण सोयीचा मरीना म्हटला की लोक कोचीच्या बोलगट्टीचं नाव घेतात, मुंबईत गेटवेसमोर बहुतेक बोटी मूरिंगवर, म्हणजे पाण्यात तळाला बांधलेल्या बोयाला अडकवून, डोलत असतात. पहिला प्रश्न, पाणी कुणाचं? मुंबई बंदराच्या हद्दीत मुंबई पोर्ट अथॉरिटी, मांडवा-अलिबागकडे मेरीटाइम बोर्ड. चुकीच्या ठिकाणी दिलेला अर्ज कुणी पुढे पाठवत नाही, महिन्यानं "आमच्याकडे नाही" एवढंच कळतं. लांबी लिहिताना कॅटलॉगमधली लिहू नका, मागची पोहण्याची फळी आणि पुढचा नांगराचा रुळ धरून टेपनं मोजा, सव्वीस फुटी म्हणून घेतलेली अठ्ठावीस निघते आणि भाडं त्यावरच लागतं. पाण्याखाली बोट किती बसते तेही लिहा, मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो आणि ओहोटीला चिखलात टेकणारी जागा स्वस्तच मिळणार.

आणि एक चक्र आहे. बर्थवाला म्हणतो नावावरची नोंदणी आणि विमा दाखवा, विमावाला म्हणतो बोट उभी कुठे राहणार ते सांगा, आणि विमा नसेल तर बोट चालवता येत नाही, विमा सक्तीचा आहे. कोंबडी आधी का अंडं. यातून वाट अशी की व्यवहाराआधीच बर्थवाल्याकडून पत्र घ्यायचं, "नोंदणी व विमा सादर केल्यावर अमुक मापाच्या बोटीस जागा देऊ". साधं लेटरहेडवरचं पत्र, पण विमावाल्याचं तोंड त्यानं बंद होतं. हे पत्र मिळत नसेल तर बोट घेऊच नका.

मे महिन्यात स्वस्त मिळते म्हणून उडी मारू नका. स्वस्त का, तर पावसाळा तोंडावर असतो, जून ते ऑगस्ट बोट वर काढून शाकारून ठेवायची असते आणि यार्डातली जागा तोवर भरलेली असते. पावसाळ्यात बोट पाण्यात राहिली तर विमा चालतो का हे पॉलिसीत वाचा, बारीक अक्षरातलं.

बोटीवर जुना व्हीएचएफ रेडिओ असेल तर त्याचं लायसन्स दूरसंचार विभागाकडून वेगळं, आणि कपाटात थुराया-इरिडियमसारखा सॅटेलाइट फोन सापडला तर गंमत म्हणून ठेवू नका, परवानगीशिवाय भारतात तो बाळगणं हाच गुन्हा आहे, आधीच्या मालकाला ताबा देण्याआधी काढायला लावा.

मेरीटाइम बोर्डात जायच्या आधी फोन करून तुमची जागा कोणत्या बंदर अधिकाऱ्याकडे येते ते विचारून घ्या, वांद्रे, मोरा, राजपुरी असे वेगवेगळे गट आहेत, मुख्यालयात जाऊन बसलात तर तिकडेच पाठवतील. मूळ कागद सगळे, झेरॉक्सचे तीन संच, विकणारा सोबत. तो येत नसेल तर तारीख बदला, पण एकटे पंचवटी एक्स्प्रेस पकडू नका.