पोटमाळ्याच्या वर गेलेलं पाणी : चिपळूणच्या पुरांची पार्श्वभूमी

चिपळूणच्या बाजारपेठेत जुन्या दुकानाला पोटमाळा असायचाच. आमच्याही होता. जुलैमध्ये पावसाने दोन दिवस उसंत दिली नाही की वडिलांचे कान बाहेर लागलेले असत. ‘बाजारपुलाला पाणी लागलं’ असं कोणी ओरडत गेलं की शिडी लावायची. आधी साखरेची पोती वर, मग डाळी, मग उधारीच्या वह्या. ओहोटी लागली की पाणी उतरायचं. खराट्याने चिखल ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं. याला कोणी आपत्ती म्हणत नसे. ‘पाणी भरलं’ एवढंच म्हणत.

पाणी इथेच का भरतं, हे गावाच्या जागेवरून कळतं. सह्याद्रीतून उतरलेली वाशिष्ठी चिपळूणच्या सखल भागात येते आणि पुढे दाभोळच्या खाडीला मिळते. समुद्र इथून लांब आहे, पण भरतीचं पाणी खाडीतून गोवळकोटच्या वरपर्यंत चढतं. ऐन गावातून वाहणारी शिवनदीही वाशिष्ठीलाच मिळते. गाव इथे वसलं आणि वाढलं तेही याच पाण्याच्या जोरावर. गोवळकोटच्या धक्क्याला गलबतं लागायची आणि माल कुंभार्ली घाटाने कराडकडे चढायचा. वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात वरून आलेला लोंढा आणि खालून चढलेली भरती समोरासमोर आली, की पाणी बाजारात शिरणारच. जुन्या लोकांनी हे धरूनच जोती उंच बांधली होती.

यात तिसरं पाणी आलं ते कोयनेचं. कोयना मुळात पूर्वेकडे वाहणारी, कृष्णेला मिळणारी नदी. तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून पोफळीला वीज तयार होऊ लागली, ती १९६० च्या दशकात. पुढे कोळकेवाडीचं धरण झालं, टप्पे वाढले, आणि आज प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं वळवायला परवानगी दिली आहे. वीज तयार झाल्यावर उरणारं हे अवजल वाशिष्ठीत येतं. उन्हाळ्यातही नदी वाहती राहते, ती त्यामुळेच. पण पावसाळ्यात नदी आधीच काठोकाठ असताना कोळकेवाडीतून किती पाणी सुटलं, हा प्रश्न प्रत्येक पुरानंतर गावात विचारला जातो आणि त्यावरून वादही होतात.

कोयनेने आणखी एक गोष्ट दिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला केंद्र असलेला मोठा भूकंप झाला. घाटाखालची आमच्या आजीच्या पिढीतली माणसं त्यानंतर कितीतरी रात्री अंगणात झोपली. कौलांचा खडखड आवाज ती माणसं शेवटपर्यंत विसरली नाहीत.

२६ जुलै २००५ म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते. त्याच दिवसांत महाडकडे दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली, आणि चिपळूणचा बाजार पाण्याखाली गेला. १८६४ साली स्थापन झालेल्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं. भिजलेलं पुस्तक हातात घेतलंत तर कळेल: पानं एकमेकांना अशी चिकटतात की सगळं पुस्तक विटेसारखं होतं, आणि सोडवायला गेलं की अक्षरांसकट कागद निघून येतो. या आठवणींत एक गोष्ट सहसा निसटते. त्या वर्षी गुरुपौर्णिमा होऊन पाच दिवस उलटले होते. म्हणजे पौर्णिमेच्या भरतीला येणाऱ्या उधाणाचा जोर ओसरत आलेला होता, तरीही पाणी भरलंच. सगळं उधाणावर ढकलून मोकळं होता येत नाही, असं मला वाटतं ते यामुळे.

वडिलांनी तेव्हा भिंतीवर तेलरंगाने एक रेघ मारली. पोटमाळ्याच्या फळीखाली वीतभर. याच्यावर काही पाणी जात नाही, अशी त्यांची खात्री होती.

मधल्या वर्षांत तालुक्याने तिवरे पाहिलं. २ जुलै २०१९ च्या रात्री तिथलं धरण फुटलं आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. वीसहून अधिक जीव गेले. ते पाणीही वाशिष्ठीच्याच खोऱ्यातलं. निसर्ग आणि तौक्ते ही दोन्ही वादळं आम्हाला त्या मानाने हलकी गेली. निसर्गाने खरं झोडपलं ते रायगडला आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याला.

मग २२ जुलै २०२१. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते, पौर्णिमा तोंडावर होती. रात्रभर घाटात आणि खाली एकसारखा पाऊस. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पहाटे पाणी आलं आणि या वेळी शिडी लावायलाही वेळ मिळाला नाही. वडिलांच्या रेघेवरून पाणी गेलं, फळीवरून गेलं, पोटमाळ्यावरची पोती तरंगली. एसटी आगार बुडालं. तिथले अधिकारी आगाराची नऊ लाखांच्या आसपासची रोकड सांभाळत तासन्‌तास गाडीच्या टपावर बसून राहिले. एका कोविड रुग्णालयात वीज गेल्यावर रुग्ण दगावले. बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला. वाचन मंदिरात पुन्हा पाणी शिरलं, पुन्हा पुस्तकं गेली. खेड तालुक्यात पोसरे आणि महाडजवळ तळीये इथे डोंगर घरांवर आले.

पाऊस अफाट होता, यात शंका नाही. पण नदीचं भांडंही उथळ झालं होतं. डोंगरउतारांवरची झाडं तुटली, माती सुटली, ती खाली येऊन बसली. नदीपात्रात गाळाची बेटं तयार झाली, त्यांवर झाडं वाढली. शिवनदीचा तर नाला झाला होता. जिथे पूर्वी पाणी पसरायचं, त्या खाडीकाठच्या खाजणांत आणि शेतांत भराव पडून इमारती उभ्या राहिल्या. गोवळकोटला गलबतं लागत होती तेव्हाच्या नदीची आजच्या नदीशी तुलना करा, म्हणजे खोली किती गेली ते वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गाळ काढा या एकाच मागणीसाठी चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. दुकानदार होते, बायका होत्या, शाळेतली मुलंही येऊन बसायची. त्यानंतर सरकारी यंत्रणा आणि नाम फाउंडेशनने वाशिष्ठी आणि शिवनदीत पोकलेन उतरवले. पूररेषांचा वाद वेगळाच: पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल रेषेत गावाचा बराचसा भाग येतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहिलो तिथे घर दुरुस्त करायचं कसं, हा लोकांचा प्रश्न रास्त आहे.

आमच्या दुकानात आता भिंतीवर दोन रेघा आहेत. दुसरी मी मारली, स्टुलावर चढून. भरती-ओहोटीचा तक्ता गल्ल्यामागे लावलेला असतो, आणि मिरग लागायच्या आधी वह्या पोटमाळ्यावर न ठेवता शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवतो.