अक्षर दोनदा उमटतंय: बोट रेंगाळतंय की बटण गेलंय?

"सर, दाबतो एकदा, उमटतं दोनदा." टायपिंगच्या क्लासात ही तक्रार नेहमीची. त्यावर बहुतेक ठिकाणी लगेच कीबोर्ड बदलला जातो, आणि पुष्कळदा चांगला कीबोर्ड अडगळीत जातो. कारण या एकाच तक्रारीत दोन वेगळे दोष दडलेले असतात. एकात बटण धडधाकट असतं, पण बोट उशिरा उठतं. हा रिपीट. दुसऱ्यात बोट बरोबर असतं, पण बटणाच्या आतला संपर्क मळलेला किंवा झिजलेला असतो. हा चॅटर.

रिपीट ही विंडोजने दिलेली सोय आहे. बटण दाबून ठेवलं की पहिलं अक्षर येतं, थोडा खंड पडतो आणि मग त्याच अक्षराची रांग लागते. हा खंड सेटिंगप्रमाणे साधारण पाव सेकंद ते एक सेकंद असतो. मिनिटाला 40 शब्दांचा वेग म्हणजे, शब्दाला पाच ठोके धरून, मिनिटाला 200 ठोके, एका ठोक्याला 300 मिलिसेकंद. खंड पाव सेकंदावर ठेवलेला असेल तर करंगळी जराशी रेंगाळली तरी दुसरं अक्षर आलंच.

चॅटरमध्ये दुसरं अक्षर याहून कितीतरी लवकर येतं. मेकॅनिकल स्विचमधल्या धातूच्या पट्ट्या जुळताना किंचित उसळतात. चांगल्या स्विचची उसळी 5 मिलिसेकंदांच्या आत विरते आणि कीबोर्डचं सर्किट तेवढा वेळ थांबतं. संपर्कावर धूळ किंवा गंज बसला की उसळी लांबते, आणि सर्किटला ते दोन ठोके वाटतात.

ओळखायचं कसं? नोटपॅड उघडा, संशयित बटणावर पटपट, हलके वीस ठोके मारा आणि अक्षरं मोजा. बोट लगेच उचलूनही वीसपेक्षा जास्त भरली तर चॅटर. चॅटर एका-दोन ठरावीक बटणांनाच धरतो आणि कोणीही बसलं तरी तिथेच दिसतो. रिपीट माणसाबरोबर फिरतो: तोच विद्यार्थी दुसऱ्या मशीनवर बसला तरी त्याची अक्षरं दुणावतात, विशेषतः करंगळीखालची.

क्लासातले साधे कीबोर्ड बहुधा मेम्ब्रेनचे असतात. त्यांत धातूच्या पट्ट्या नसतात. रबराचा घुमट दबला की प्लास्टिकच्या दोन पातळ पत्र्यांवरच्या छापील रेषा जुळतात. त्यामुळे तिथे चॅटर क्वचितच आढळतो. मेम्ब्रेन झिजला की उलट अक्षर गळतं. तरीही दोनदा उमटत असेल तर बटणाच्या कडेला चहा सांडून साखर चिकटली आहे का ते बघा. बटण हळू वर येतं आणि रिपीट सुरू होतो.

झिजेचा हिशेबही करण्यासारखा आहे. 40 शब्दांना स्पेसबार मिनिटाला 40 वेळा, तासाला 2,400 वेळा दबतो. सहा तासांच्या बॅचेस आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर 43 लाख. वेग सतत तेवढा राहत नाही हे खरं, पण साध्या मेम्ब्रेनचं आयुष्य साधारण 50 लाख ते 1 कोटी ठोके सांगितलं जातं, मेकॅनिकलचं 5 ते 10 कोटी. म्हणून क्लासात सगळ्यात आधी स्पेसबार कुरकुरतो. त्यात जुन्या टाइपरायटरचा जोरदार हात असेल तर भर पडते. तिथे खिळा रिबनवर आदळायला जोर लागायचा. मेकॅनिकलपैकी चेरी एमएक्स रेड हा स्विच 4 मिलिमीटरपैकी 2 मिलिमीटर दबला की अक्षर लागतं. पुढचा सगळा जोर तळावर आदळण्यात जातो.

खानदेशात आणखी दोन शत्रू आहेत. जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारे रुईचे तंतू बटणांखाली जाऊन धूळ धरून ठेवतात. आणि एप्रिल-मेमध्ये जळगाव-धुळ्याला कूलरशिवाय भागत नाही. त्याचा ओला वारा थेट टेबलावर आला की तीच धूळ संपर्कावर चिकटते. कूलरचा झोत टेबलावरून वळवा आणि क्लास सुटला की कीबोर्ड पालथा घालून झटका.

उपाय दोषाप्रमाणे. रिपीट असेल तर रन उघडून 'control keyboard' टाइप करा किंवा सरळ कंट्रोल पॅनेलमधून कीबोर्डची खिडकी उघडा आणि रिपीट डिलेची पट्टी लाँगकडे सरकवा. विद्यार्थ्याला ठोका मारून बोट लगेच उचलायला लावा. चॅटर असेल तर कीबोर्डची वायर काढा, पुलरने (टोपी काढायच्या चिमट्याने) बटणाची टोपी उचला, धूळ फुंकून काढा, 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब स्विचमध्ये सोडून पन्नास-साठ वेळा दाबा आणि तासभर सुकू द्या. फरक पडला नाही आणि स्विच हॉट-स्वॅप, म्हणजे डाग न लावता काढता-घालता येणारा असेल, तर स्क्रोल लॉकचा जवळजवळ कोरा स्विच काढून तिथे बसवा.

फिल्टर कीज ही घाईचे किंवा पुन्हापुन्हा आलेले ठोके दुर्लक्षिणारी विंडोजची सोय लावून चॅटर झाकू नका. तिचा बाउन्स कीजचा पर्याय किमान अर्धा सेकंद तेच बटण दुर्लक्षितो, म्हणजे 300 मिलिसेकंदांच्या हाताने मारलेला 'लेटर'मधला दुसरा टी गायब. शिवाय उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीजची खिडकी समोर येते. विद्यार्थ्याने त्यावर नकळत एंटर मारलं की बटणं दाद देईनाशी होतात आणि कीबोर्ड मेला असं वाटतं. तेव्हा आधी ती सेटिंग बंद करून बघा.