फाशीच्या बदल्यात देवीचा पू

लस म्हटली की शाळेतला धडा आठवतो: १७९६ साल, एडवर्ड जेन्नर, गाईची देवी. पण त्याच्या ७५ वर्षे आधी लंडनमध्ये देवीवर एक प्रयोग झाला होता. राजाला शिक्षा माफ करण्याचा अधिकार नसता, तर तो झालाच नसता.

९ ऑगस्ट १७२१. न्यूगेट तुरुंगातले सहा कैदी, तीन पुरुष आणि तीन बायका. सगळ्यांना फाशी ठोठावलेली. त्या काळी इंग्लंडात चोरीलाही फाशी होई. राजा पहिला जॉर्ज याच्या संमतीने त्यांना सांगण्यात आले, देवी टोचून घ्या, जगलात तर सुटाल. युवराज्ञी कॅरोलाइनला आपल्या मुलींना टोचून घ्यायचे होते, पण आधी खात्री हवी होती. चार्ल्स मेटलंड या शल्यवैद्याने कैद्यांच्या हातापायांवर चिरा देऊन त्यांत देवीच्या फोडांतला पू भरला.

जिवंत विषाणूच तो! मग माणसे वाचली कशी? फरक विषाणू कोणत्या वाटेने शिरतो यात आहे. एरवी देवीचा विषाणू श्वासावाटे येतो, लसिकाग्रंथींत (काखेत, मानेत असतात त्या प्रतिकाराच्या गाठींत) वाढतो, तिथून रक्तात उतरून प्लीहा आणि अस्थिमज्जेत (हाडांतल्या मगजात) पसरतो. साधारण बारा दिवस बाहेर काहीच दिसत नाही, आणि ताप चढतो तेव्हा तो सर्वत्र पोचलेला असतो. चिरेतून शिरलेला विषाणू मात्र आधी त्वचेतच वाढतो. तिथल्या प्रतिकारपेशी त्याचे तुकडे जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन टी आणि बी पेशींना, म्हणजे रोगजंतू ओळखून त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. त्यामुळे विषाणू शरीरभर पसरण्याआधीच प्रतिपिंडे (विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने) तयार होऊ लागतात. बहुतेकांना फोड मोजकेच येतात.

सहाही जण जगले आणि सुटले. एकाला आधीच देवी येऊन गेल्याने त्याच्यावर परिणामच झाला नाही. त्यांच्यातल्या एलिझाबेथ हॅरिसन हिला संरक्षण खरेच मिळाले का हे पाहायला हर्टफर्ड गावी देवीच्या रुग्णांची शुश्रूषा करायला पाठवले. आजारी मुलाशेजारी झोपूनही तिला रोग झाला नाही. आपल्याकडे ज्याला देवीचा कोप म्हणत, तो असा तपासून पाहता येत होता.

पण गळ्याशी फास असलेल्या माणसाच्या होकाराला मी संमती म्हणणार नाही. त्यानंतर अनाथ मुलांनाही टोचले, त्यांना तर कुणी विचारलेही नसेल. मग एप्रिल १७२२ मध्ये कॅरोलाइनच्या दोन मुलींची पाळी आली.

टोचण्याने माणसे मरतही होती. रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा सचिव जेम्स ज्युरिन याने हिशेब मांडला: नैसर्गिक देवीत सहा-सातांत एक मृत्यू, टोचलेल्यांत सुमारे पन्नासांत एक.